एकशे ऐंशी दिवसांचे सर

माझ्या लेकीच्या मार्गदर्शकांना सगळी संस्था ‘एकशे ऐंशी’ म्हणते, आणि त्यांना तो मानाचा किताब वाटतो. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी हा आकडा काढला. त्यानंतर काही काढल्याचं ऐकिवात नाही.

फार दूरच्या एका क्वेसारचा, म्हणजे ताऱ्यासारख्या ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा, प्रकाश वाटेतल्या दीर्घिकेमुळे वाकतो आणि आपल्याला एकाचे दोन ठिपके दिसतात. एक ठिपका उजळला की काही दिवसांनी दुसराही तसाच उजळतो. किती दिवसांनी, ते वर्षानुवर्षं दुर्बिणीतून तेज मोजून शोधायचं. सरांचं उत्तर एकशे ऐंशी.

पण हा क्वेसार वर्षातले सहा महिने सूर्याच्या बाजूला असतो, दिसतच नाही. एका ठिपक्याच्या नोंदी अर्धं वर्ष सरकवल्या की त्या दुसऱ्याच्या कोऱ्या महिन्यांवर पडतात. गाठच पडत नाही, मग भांडण कसलं? संगणक म्हणतो, छान जुळलं. या गृहस्थांच्या हे कधी लक्षातच आलं नाही. लेकीच्या आलं, पीएचडीच्या चौथ्या वर्षी.

तिने संगणकावर शंभर कृत्रिम आलेख केले. प्रत्येकात स्वतः चाळीस दिवसांचा फरक घातला, तेच सहा महिने कोरे ठेवले. सरांच्या पद्धतीने बहुतेकांचं उत्तर आलं, साधारण एकशे ऐंशी.

“शंभर खोटे करून माझा एक खरा खोडतेस?” सर म्हणाले. “ते प्रकरण काढ, मग प्रबंधावर सही.”

मी घाबरट. म्हटलं, “काढ बाई. सही घे आणि सूट.”

“सहीपुरतं खोटं लिहू का, आई?”

तिने सरांचा खरा आलेख त्या शंभरांत मिसळला, खुणा पुसल्या आणि चहाच्या वेळी सगळ्यांदेखत गठ्ठा पुढ्यात ठेवला. “सर, तुमचा ओळखा.”

सरांनी चष्मा पुसून ऐटीत एक कागद उचलला. “हा. आपलं लेकरू कोण विसरतं?”

तो तिनेच मंगळवारी केलेला निघाला. कोणीतरी चहात हसलं. सर म्हणाले, छपाई फिकट आहे.

सही मिळाली नाही. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे नाव घालायचं म्हणजे दोन वर्षं गेली, शिष्यवृत्तीही संपेल. माझा जीव टांगणीला. तरी तिने नाव बदललं. नव्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं म्हणे, “कोऱ्या महिन्यांचं काय केलंस?”

एवढं विचारायला बावीस वर्षं लागत नाहीत.