धातूजवळची शांतता

सुट्टीवर घरी आलेली वंदना दुपारी झोपली ती उठलीच नाही. बाबा फोनवर ‘‘सुमन, ये,’’ एवढंच म्हणाले. मी तुमसरहून चिखल्याला पोचले. त्यानंतर बाबा कुणाशीच बोलले नाहीत.

माझी ही धाकटी बहीण मँगनीजच्या खाणीशेजारी, कामगारांच्या कॉलनीत वाढली आणि पुढंही मँगनीजच्याच मागे राहिली. तिचं मँगनीज मात्र एका एन्झाइमच्या आत होतं, अणूएवढं. त्या एन्झाइमचा तळाशी बसलेला साका ती तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या नळीत भरायची. नळी अजस्र चुंबकाच्या पोटात तिरकी बसवून वाऱ्याच्या झोतावर फिरवायची, कधी कधी आठवडाभर. मग आतले अणू आपापली खूण देतात, असं ती सांगे. फक्त धातूला अगदी खेटून असलेल्यांची खूण मिळत नसे. धातू ती इतकी पसरवून टाकतो की काही उरतच नाही. आणि एन्झाइमचं सारं काम तर तिथंच चालतं.

बाबांचा जन्म खाणीत छताला सळई ठोकून आवाज ऐकण्यात गेला. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला बोदा वाजतो. ते तिला चिडवायचे, ‘‘माह्या दगडाले ठोकलं का बोलते. तुहा अणू कायले मुका व?’’

‘‘मुका नाही, बाबा. लय जवळ आहे म्हणून आयकू येत नाही.’’

‘‘हे बरं आहे. जवळचा तोच गप!’’

तिनं त्यांना एक तडकलेली, रिकामी नळी दिली होती. ती त्यांनी तंबाखूच्या डबीत ठेवली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तिच्या सहकारी मीनलचा फोन आला; मी तो स्पीकरवर टाकला. वंदनानं सुट्टीवर येण्याआधी लावलेला प्रयोग अजून चालू होता. तेवढाच नमुना उरला होता. यंत्रासाठी दुसरेही थांबले होते. ‘‘थांबवू का?’’ तिनं विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. तिच्या आवाजामागे वाऱ्याचा बारीक, न तुटणारा सूं येत होता… भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाबांनी मान वळवली.

‘‘वंदीचीच नळी होय ते,’’ ते म्हणाले. ‘‘फिरू दे.’’

प्रयोग पुरा झाला. आलेखावर जिथं आजवर कोरं होतं तिथं एक पुसट उंचवटा उमटला आहे, असं मीनलनं कळवलं. तो धातूजवळच्याच अणूचा असावा; खात्री करायला वेळ लागेल.

परवा बाबा अंगणात बसले होते. त्यांनी डबीवर नखानं टकटक केलं, ती किंचित तिरकी धरून कानाला लावली.

‘‘काय ऐकता, बाबा?’’

‘‘काहीच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘म्हंजे जवळच असन.’’