निकालात ह्यांचं नाव नव्हतं, म्हणून हॅनोव्हर ते न्युरेम्बर्ग

न्युरेम्बर्गला लोक किल्ला बघायला जातात, नाताळच्या बाजाराला जातात. मी पहिल्यांदा गेले ती आपला नवरा खरोखर फुटबॉल खेळतो का, हे बघायला. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि माझ्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेने जायचा बेत करत असेल, तर रस्त्याची आणि खाण्यापिण्याची माहिती ओघात येईलच. आधी जाण्याचं कारण सांगते.

आमचं लग्न जमलं तेच फुटबॉलवर. मी कोल्हापूरची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. माझे वडील, आबा, एकही सामना चुकवत नसत. हे तेव्हा कॉलेजच्या संघाचे कॅप्टन होते. ह्यांचं नाव मी आजही घेत नाही. नात म्हणते, आजी, निदान ब्लॉगवर तरी घे. तर आबांनी पत्रिका पाहिली नाही, घरदार पाहिलं नाही. "पोरगा मैदानावर वाघ आहे," एवढं म्हणाले आणि मुलगी देऊन मोकळे झाले. मी मात्र ह्यांना कधी खेळताना पाहिलेलं नव्हतं. आमच्या घरच्या मुली मैदानावर जात नसत.

लग्नानंतर हे हॅनोव्हरला डॉक्टरेट करायला आले आणि काही महिन्यांनी मी. जर्मनीतल्या सात-आठ तांत्रिक कॉलेजांची आपसांत फुटबॉलची साखळी चालायची. दर बुधवारी मेन्झाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीच्या दारावर एक कागद चिकटवत. त्यावर सगळे निकाल, गोल करणाऱ्यांची नावं आणि खाली त्या आठवड्याचे तीन उत्तम खेळाडू. माझं जर्मन यथातथाच, पण नावं आणि आकडे वाचायला भाषा कशाला लागते? हॅनोव्हरच्या योखेनचं नाव जवळजवळ दर आठवड्याला असायचं. न्युरेम्बर्गचा एक गोलकीपर होता, तोही हटकून असायचा. ह्यांचं नाव कधीच नाही.

हे तर दर सामन्याला जात. घरी येऊन सगळा खेळ असा रंगवून सांगत की मी पोळी तव्यावर विसरायची. निकालही बरोबर निघायचा, मी बुधवारी जाऊन पडताळायची. शेवटी विचारलंच.

"अहो, तुमचं नाव कसं येत नाही कधी?"

"लिहिणारा पक्षपाती आहे."

"पण एकदाही नाही?"

"मी इथे मागे खेळतो. मागच्यांना कोण विचारतं?"

कोल्हापुरात पुढे खेळणारा माणूस इथे मागे कसा गेला? मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. बाकीची मुलं सोमवारी गुडघे सोलवटून लंगडत यायची, ह्यांचे गुडघे नव्यासारखे. हे झोपताना पायमोजे काढत नसत. थंडी म्हणाल तर जूनमध्येही काढत नव्हते. आणि सामन्याहून आले की अंगाला लॅव्हेंडरचा वास यायचा. आमच्या घरात लॅव्हेंडरची वस्तू नव्हती.

मी आबांना पत्रात एवढंच लिहिलं की निकालात ह्यांचं नाव दिसत नाही. आबांचं उत्तर आलं: कुठे पाणी मुरत असेल तर जोगळेकरांबरोबर निघून ये, मी त्यांना कळवलं आहे. जोगळेकर हे ह्यांच्याच कॉलेजातले वयाने मोठे संशोधक. ते आणि वहिनी एप्रिलच्या बोटीने देशात परतणार होते. माझ्यासाठी बर्थ धरायचा की नाही, हे त्यांना सोमवारपर्यंत सांगायचं होतं. आणि रविवारी ह्यांचा सामना न्युरेम्बर्गला होता.

"आपण जाऊन बघू या," जोगळेकर वहिनी म्हणाल्या. "पुरुषांचं असलं नसलं सगळं परगावी कळतं."

संघ शनिवारी बसने निघाला. आम्ही दोघी त्याच दिवशी आगगाडीने. आता ही गाडी तीनेक तासांत पोहोचवते. तेव्हा कोळशाचं इंजिन, ग्योटिंगेन, बेब्रा, फुल्डा, व्युर्त्सबुर्ग असं करत अख्खा दिवस जायचा. खिडकीशी बसलात तर नाकात काजळी भरायची. तिकिटाने माझी साठवलेली सगळी पुंजी खाल्ली, पण रस्ता सुंदर आहे. टेकड्यांवर अजून बर्फाचे तुकडे शिल्लक होते आणि खाली नदीकाठी हिरवं दिसू लागलं होतं. मला त्यातलं काही धड दिसलं नाही, कारण दर स्टेशनावर मला ह्यांच्यासारख्याच ओव्हरकोटातला माणूस उतरताना दिसायचा.

समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आम्ही पुऱ्या आणि लोणचं काढलं तसे ते लोणच्याच्या बाटलीकडे बघत राहिले. वहिनींनी पर्स मांडीखाली घेतली. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनी आम्हाला एक-एक सफरचंद दिलं.

"खाऊ नकोस," वहिनी मराठीत म्हणाल्या. "अनोळखी माणूस उगाच कशाला देईल?"

ते फुल्डाला उतरल्यावर वहिनींनी दोन्ही सफरचंदं खाल्ली.

न्युरेम्बर्ग तेव्हा अर्धं पडलेलं आणि अर्धं परांच्यांवर चढलेलं होतं. एका बाजूला नुसती भिंत उभी, तर शेजारी कोऱ्या कौलांचं घर. आम्ही स्टेशनामागच्या एका स्वस्त पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये उतरलो. मालकिणीने पासपोर्ट दोनदा उलटून पाहिले, आणि वहिनींनी गादी उलटून पाहिली. कुणाचंच समाधान झालं नाही. शाकाहारी मंडळींसाठी सांगते: तिकडे बटाट्याचे मोठे गोळे उकडून देतात, त्यांना क्लोस म्हणतात. ते छान असतात, पण वरचा रस्सा मांसाचा असतो, तेव्हा रस्सा नको म्हणून आधीच सांगायचं. वहिनींनी सांगितलं, तरी गोळा फोडून आत काय आहे ते काट्याने तपासलं. आत भाजलेल्या पावाचे तुकडे होते. ते का घातले असतील, यावर त्या झोपेपर्यंत बोलत होत्या.

रविवारी सकाळी ट्रामने शेवटच्या थांब्यावर गेलो. तिथून एका कारखान्याच्या लांबलचक भिंतीच्या कडेने चालत मैदान लागतं. आम्ही झाडाआड उभ्या राहिलो. दोन नऊवारी-पाचवारी बायका, एकीचा पदर हिरवागार, हातात छत्री, आणि लपायला पानं झडलेलं झाड. खेळाडू सोडून सगळे आमच्याकडेच बघत होते.

निळ्या सदऱ्यांतले हॅनोव्हरचे अकरा जण आले. मी एकेकाचं तोंड बघितलं. पुन्हा बघितलं. हे त्यांत नव्हते.

"बघ," वहिनी म्हणाल्या. "मी काय म्हणत होते?"

सामना सुरू झाला. योखेन खरंच वाऱ्यासारखा पळत होता आणि न्युरेम्बर्गचा तो गोलकीपर खरंच भिंतीसारखा उभा होता. कागदावरची सगळी नावं खरी निघाली. खोटा निघाला तो आमच्या घरचा. डोळ्यांसमोर बोट दिसत होती, आणि बंदरावर मला न्यायला आलेले आबा.

तेवढ्यात पलीकडच्या कडेला एक बाई दिसली. डोक्याला लाल रुमाल, पाठमोरी. तिच्या हातावर ह्यांचा ओव्हरकोट होता. त्याची कॉलर मीच शिवली होती, तपकिरी दोरा संपला म्हणून अर्धी काळ्याने.

"आता गप्प बसायचं नाही," वहिनी म्हणाल्या आणि छत्री मिटून चालू लागल्या. मी मागून. जवळ गेलो तर लॅव्हेंडरचा वास आला. मी कोटाला हात लावला आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, माझा नवरा कुठे आहे?

बाई वळली. माझ्या आत्याएवढी असेल, गाल लालभडक, पुढचा एक दात सोन्याचा. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. ती संघाच्या प्रशिक्षकाची बायको निघाली, फ्राउ ब्रांट. मुलांचे सदरे धुणं आणि जखमांना लेप लावणं हे तिचं काम.

"रिझर्व," ती सावकाश म्हणाली. "तुमचे मिस्टर राखीव आहेत."

"पण खेळणार कधी?" वहिनींनी विचारलं. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा बरं होतं.

तेव्हा नियम असा होता की एकदा शिट्टी झाली की खेळाडू बदलता येत नसे. सामन्याआधी कुणी आजारी पडलं तरच राखीव माणूस आत.

"आणि कुणी आजारी पडलं नाही तर?"

"जा, गेनाऊ," फ्राउ ब्रांट म्हणाली, म्हणजे तेच तर, आणि आम्हाला कपडे बदलायच्या खोलीमागे घेऊन गेली.

तिथे ओल्या गवताच्या पट्ट्यावर हे एकटेच होते. पायांत खिळ्यांचे जड बूट. चेंडू मारायला गेले की बूट आधी जमिनीत रुतायचा आणि चेंडू भलतीकडे जायचा. एकदा तर हे सपशेल आडवे झाले. मग ओंडक्यावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले. टाचा आणि बोटं फोडांनी भरली होती. त्यांनी लेप चोळला तसा तो वास पुन्हा आला. आणि मग त्या गारठ्यात हे अनवाणी उभे राहिले.

तेव्हा आपल्याकडे पुष्कळ मुलं अनवाणीच खेळत, फार तर पायाला पट्ट्या बांधून. ह्यांचा सगळा खेळ त्या उघड्या पायांत होता. चेंडू पायावरून गुडघ्यावर गेला, तिथून खांद्यावर, पुन्हा पायावर, जमिनीला लागलाच नाही. मग ह्यांनी तो समोरच्या भिंतीतल्या एकाच विटेवर मारला, आणि परत आला की पुन्हा त्याच विटेवर. आबा खोटं बोलले नव्हते. मला रडू आलं आणि भयंकर रागही आला.

ह्यांनी वळून पाहिलं. चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला.

"तू इथे?"

"तुमचं नाव शोधत आले."

ह्यांनी वाकून बूट उचलले. मग म्हणाले, "इथे बुटांशिवाय मैदानात घेत नाहीत. आणि बूट घातले की हे पाय माझे राहत नाहीत."

"मग मला खेळतो म्हणून का सांगितलंत?"

"तुझ्या आबांनी काय बघून तुला दिली? तेवढंच तर होतं माझ्यापाशी. ते इथे येऊन गेलं, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मला वाटलं, दुसरी कुणी आहे."

"दुसरी?" हे खरोखर बुचकळ्यात पडले. मग ह्यांनी फ्राउ ब्रांटकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले. तिला मराठीतलं अवाक्षर कळलं नव्हतं. ती सोन्याचा दात दाखवत हसत होती.

"बाई भली दिसते," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "पण कोट कशाला धरायचा?"

परतीची तिकिटं काढलेली होती, म्हणून हे बसने गेले आणि आम्ही गाडीने. स्टेशनावरून लेबकूखन घ्या, मसाल्याची मऊ बिस्किटं असतात, प्रवासात टिकतात. अंडं असतं हे मात्र लक्षात ठेवा. वहिनींनी विचारलं नाही, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही.

"मग बर्थचं काय?" त्यांनी व्युर्त्सबुर्गच्या पुढे विचारलं.

"नका धरू."

"विचार कर. इतके महिने इतकं गोड खोटं बोलणारा माणूस आहे. आज बूट, उद्या आणखी काही."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. संशय एका रविवारात जात नाही. घरी गेल्यावर मी ह्यांना एकच अट घातली: यापुढे दर सामन्याला मी बरोबर येणार. फोडांना लेपही मीच लावू लागले. हे त्याला प्रेम समजले. पहारा होता तो, निदान सुरुवातीला.

जोगळेकर निघायच्या आधीच्या आठवड्यात हॅनोव्हरलाच सामना होता. सकाळी एक खेळाडू तापाने फणफणला आणि ह्यांना निळा सदरा मिळाला. बूट घालून हे मागे उभे राहिले आणि मी नि वहिनी कडेला. बराच वेळ ठीक चाललं. मग एक उंच चेंडू आला, ह्यांनी तो दूर मारायला पाय उचलला, बूट वाकडा लागला आणि चेंडू आमच्याच जाळ्यात गेला. आम्ही त्या एका गोलने हरलो.

बुधवारी मेन्झाच्या दारावर ह्यांचं नाव पहिल्यांदा छापून आलं. गोल करणाऱ्यांच्या ओळीत, आणि शेवटी एक शब्द: आयगनटोर, म्हणजे स्वतःच्याच संघावर केलेला गोल. हे कागद फाडायला निघाले होते. मी तो सांभाळून सोडवून घेतला, ती ओळ कापली आणि आबांना द्यायला वहिनींकडे नेली.

वहिनींनी चष्मा लावून वाचलं. माझ्याकडे पाहिलं.

"आबांना काय सांगू?"

"ह्यांचं नाव आलंय म्हणून सांगा."

"आणि त्यांनी विचारलं, कसा गोल होता?"

"तुम्ही पाहिलाय की. जोरदार होता."

वहिनींनी कात्रणाची घडी घातली आणि पर्समध्ये अगदी आतल्या कप्प्यात ठेवली. ज्या बाईने सफरचंद, गादी आणि बटाट्याचा गोळाही संशय घेतल्याशिवाय सोडला नाही, तिने पुढे काहीच विचारलं नाही.

महिन्याभराने आबांचं पत्र आलं. जावयाने जर्मनीत गोल केला म्हणून त्यांनी पेठेत पेढे वाटले होते. परत येण्याचा विषय पत्रात कुठेच नव्हता. न्युरेम्बर्गला मी नंतर पुष्कळदा गेले, किल्लाही पाहिला, तो छान आहे. पण कुणी त्या गावाचं नाव काढलं की मला ओल्या गवतातले ते उघडे पाय दिसतात.

आम्ही कोल्हापूरला परतलो तेव्हा ते कात्रण आबांच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं होतं. आबांना जर्मन येत नव्हतं. पण आमच्या पेठेतले डॉक्टर जर्मनीत शिकून आलेले होते आणि रोज संध्याकाळी आबांकडे पत्ते खेळायला यायचे. आबांनी ते कात्रण त्यांना दाखवलं नसेल, यावर माझा विश्वास बसेना. म्हणून दुपारी आबा झोपलेले असताना मी फ्रेम उतरवून नीट पाहिली. ह्यांचं नाव बरोबर मधोमध होतं. शेवटचा तो एक शब्द तेवढा आबांनी लाकडी पट्टीखाली घेतला होता.