कुत्र्यांना घाबरणारे आबा

बेडशाच्या वाटेवर कुत्र्यांचं एक शेल्टर आहे. तिथं आबा राखणीला होते आणि ते कुत्र्यांना घाबरत. थोडेथोडके नाही, चांगले घाबरत. भाकरीचं घमेलं ते लांबूनच काठीनं आत सरकवत. एखाद्या कुत्र्यानं नुसती जांभई दिली तरी आबा दोन पावलं मागे. कुत्र्यांशी बोलताना तर ते अहोजाहो करत. "सरा पाटील, जरा पल्याड सरा." तिथले डॉक्टर हसायचे. आबांना त्याचं काही नव्हतं. "भ्या असावं," ते म्हणायचे. "भ्या असलं की मानूस कडी नीट लावतो."

मला ते भेटले ते फार वाईट दिवशी. आदल्या संध्याकाळी आमचा चिकू माझ्या चार वर्षांच्या मनूच्या हाताला चावला होता. घरचा कुत्रा, पाच वर्षांत कधी कुणावर गुरगुरला नव्हता. मनूला लगेच दवाखान्यात नेऊन सुया सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, तो धड राहिला तर पिसाळल्याची काळजी नको. पण त्याला घरात ठेवायची माझी छाती होईना. "दहा दिवसांनी आणू गं त्याला," असं मनूला सांगितलं आणि सकाळी चिकूला घेऊन तळेगावहून शेल्टरकडे गाडी काढली.

गेटवर आबांनी चार हात लांबूनच विचारलं, "वर्साची सुई टोचलीया न्हवं?"

"टोचलीय," मी म्हणाले. ते खोटं होतं. आज नेऊ, उद्या नेऊ करत चिकूची रेबीजची सुई चार महिने राहून गेली होती. मी शाळेत शिकवते, खोटं बोलू नका म्हणून मुलांच्या मागे लागते, पण लाजेनं तोंडातून पटकन गेलं.

 चिकूवरची नजर न काढता आबा पायरीवर बसले आणि सांगू लागले. लहानपणी आंदर मावळात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ गुरं राखायला गेले असताना भावाला कुत्रं चावलं. "बा मारंल म्हनून आमी दोगं बी घरी बोललो न्हाई. म्हैन्यानं त्याला पानी गिळंना. तांब्या दिसला की वरडायचा. मला ठावं हुतं ताई, आन् मी गप ऱ्हायलो." मग म्हणाले, "आता खरं सांगा."

मी सांगितलं.  आबांनी ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलं आणि 'असं कसं केलंत' म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. "रोज फोन करतो," एवढंच म्हणाले.

ते दहा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मनू नुसती ठसकली तरी मी हातातलं टाकून धावायची. तिचा पेला रिकामा होईपर्यंत मी समोर बसून राहायची आणि ती वैतागायची. सकाळी सातला आबांचा फोन यायचा. रामराम नाही, विचारपूस नाही. "प्यालं पानी. भाकर बी खाल्ली." की फोन बंद. सहाव्या दिवशी साडेसात झाले तरी फोन आला नाही. मी बाथरूमचं दार लावून रडले. पावणेआठला आबा धापा टाकत बोलले, "हितं रेंज न्हवती. टेकाडावर आलोय. बरं हाय त्यो." सत्तरीचा माणूस माझ्या भीतीपायी टेकडी चढला होता. त्या क्षणी ते मला माझ्या वडिलांपेक्षा जवळचे वाटले.

अकराव्या दिवशी आम्ही चिकूला आणायला गेलो. तो ठणठणीत होता. आबांनी साखळी हातभर लांब धरून त्याला बाहेर आणलं. आम्हाला पाहून चिकू सगळं अंग हलवत झेपावला आणि मनू त्याच्याकडे धावली. मी तिला दंडाला धरून इतक्या जोरात मागे ओढलं की ती खाली पडली.

"त्याला काई झालेलं न्हाई ताई," आबा म्हणाले.

"माहितेय. पण मला जमणार नाही, आबा."

दुसऱ्या कुणी मला चार शब्द सुनावले असते. आबांनी आतून कागद आणला. "भ्या वाटतंय तर न्हेऊ नका. भ्यालेल्या घरात मुक्या जिवाचं हाल व्हत्यात. करा सही." चिकू कायमचा तिथं ठेवल्याची सही मी केली. अक्षर माझं मलाच ओळखू येईना.

मनू कपडे झटकत सगळं बघत होती. तिनं मला काही विचारलं नाही. आबांना विचारलं, "आबा, मी कुणाला चावले तर आई मलापण इथं ठेवेल?"

आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "न्हाई पोरी," म्हणाले, आणि पुढचं मी बोलावं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. मीही नाही म्हणाले. पण ते म्हणायला मला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मनूनं आबांचं बोट धरलं होतं.