रेनगनसाठी मोडलेले बांध

काकांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी रेनगन आणली. भल्या मोठ्या चाकावर मनगटाहून जाड पाइप गुंडाळलेला. तो ट्रॅक्टरनं रानाच्या पार टोकापर्यंत ओढून न्यायचा. मग चाक सावकाश फिरून पाइप परत गुंडाळायचं आणि पाइपाच्या टोकाची चाकांवरची तोटी लांबवर पाणी उडवत मागं सरकायची. पार डोंगरकडा गावाहून माणसं बघायला आली. बघायला कुणाच्या बापाचं काय जातं?

गेलं ते आमचं. आमचं रान काकांच्या दोन तुकड्यांच्या मधे होतं, आणि बांधावर आली की तोटीची गाडी कलंडायची. एक दिवस काका घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "भावाभावात बांध काहून पायजे? काढून टाकू. तुझी हळद बी भिजंल."

आई चुलीजवळून बोलली, "आवं, बांध गेल्यावर हद्द कुठं दावायची?"

"भाऊ हाय माझा, परका न्हाई," वडील म्हणाले. माझे वडील देवमाणूस होते. घरात देवमाणूस असला की बाकीच्यांनी उपाशी राहायची तयारी ठेवावी.

दोन्ही बांध सपाट झाले. एक उन्हाळा आमची हळद खरंच भिजली. पुढं विहिरीचं पाणी कमी पडू लागलं, मोटर प्रेशर धरीना आणि यंत्र गोठ्यामागं गंजत पडलं. वडिलांनी बांध परत घालायचं काढलं, तेव्हा काकांनी स्वतः चालून हद्द दाखवली. धुऊन आटलेल्या सदऱ्यासारखं आमचं रान दोन्हीकडून तोकडं झालं. ओढ्याकडचा चांगला काळा पट्टा त्यांच्यात गेला.

सरकारी मोजणी आणू, म्हणून मी भांडायचो. वडिलांचं एकच, "मोजणी आली की भाऊ गेला." तेव्हा आम्ही भाऊ ठेवला आणि जमीन घालवली.

काही वर्षांनी आई वारली. तिला रानातच, ओढ्याकडच्या कोपऱ्यात अग्नी द्यायचं वडिलांच्या मनात होतं. जन्मभर तिनं दुपारची भाकरी तिथंच बसून खाल्ली होती. वडील स्वतः काकांना विचारायला गेले.

"उभा कापूस हाय रे," काका म्हणाले. "धग लागंल."

आईला गावच्या मसणवट्यात नेलं. खांदा द्यायला काका सगळ्यांच्या पुढं, रडणंही सगळ्यांत मोठ्यांदा. त्या रडण्याची मला अजून किळस येते.

परतताना वडील काकांच्या शेजारूनच चालत होते. आवाज न चढवता ते मला म्हणाले, "उद्याच मोजणीचा अर्ज टाक."