कान बसले की जाईन

अन्वी आणि ईशान,

पुढच्या महिन्यात तुमच्या घरी शेल्टी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू येणार, हे रविवारी फोनवर कळलं. तुमचे बाबा म्हणाले, "आमची आत्या पिल्लांचे कान चिकटवायची," आणि तुम्ही दोघं हसून लोळलात. गोष्ट हसण्यासारखी आहेच. पण आक्काआजीबद्दल तुम्हाला तेवढंच माहीत असावं, हे मला बरं वाटत नाही. म्हणून पिल्लू यायच्या आत मी, तुमची आजी, हे लिहिते आहे.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. त्यांच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचे तुकडे ओळीने लावलेले असत. नवखा माणूस दचकून विचारी, "हाताला काय झालं?" "मला कुठं? ह्यांच्या कानाला झालंय," असं म्हणून त्या मांडीवरचं पिल्लू उचलून दाखवत. पट्टी आधीच कापून ठेवली की ऐन वेळी कात्री शोधावी लागत नाही. शिवाय एकदा माणसाच्या कातडीवरून निघालेली पट्टी जरा नरम पडते, पिल्लाला ओरबाडत नाही. ही पद्धत त्यांनी स्वतःच बसवली होती.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि आक्का मुखेडहून माहेरी लातूरला परत आल्या. पुढे नांदेडला शिक्षिकेचा कोर्स करायला गेल्या, तर इथे आईने अंथरूण धरलं. कोर्स अर्धा सोडून परत. आईचं सगळं त्यांनीच केलं. आई गेली तेव्हा आक्कांचे केस पांढरे झाले होते. नांदेडच्या वसतिगृहातली त्यांची मैत्रीण शशिकलाबाई तोवर मुख्याध्यापिका होऊन निवृत्तही झाल्या होत्या. घरात एकट्याच होत्या. त्यांचा फोन येई, "वरची खोली झाडून ठेवलीय. येतीस का न्हाई?" आक्कांची पिशवी भरून तयार होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेवढ्यात तुमच्या बाबांनी पुण्याहून शेल्टीची जोडी आणली, आणि वर्षाच्या आत त्यांना परदेशात नोकरी लागली. मला दमा, कुत्र्याचे केस सहन होत नाहीत. आजोबा सकाळीच दुकानात जाणार. कुत्री कोणाकडे राहिली, हे सांगायला नको.

शेल्टीचा कान उभा असतो, फक्त वरचं टोक पुढे दुमडलेलं लागतं. दात येण्याच्या दिवसांत पिल्लांचे कान मनाला येईल तसे वळतात, तेव्हा टोक दुमडून पट्टीने बसवावं लागतं. आमची हवा कोरडी. होळी झाली की आमच्या जोडीला झालेल्या पिल्लांचे कान पापडासारखे कडक होऊन ताठ उभे राहत. पहिल्या खेपेला आक्कांनी घरात होता तो लाडवाचा डिंक भिजवून लावला. सगळी पिल्लं आनंदाने एकमेकांचे कान चाटत बसली, आणि सकाळी प्रत्येकाचे कान ओलेचिंब होऊन वेगवेगळ्या दिशांना गेले होते. "बाळंतिणीचा खाऊ दिला मी ह्यांला," असं म्हणून आक्का स्वतःच हसल्या. मग कातडीला न झोंबणारा गोंद पुण्याहून मागवला. बोटाला तेल लावून कानाची टोकं आधी मऊ करायची, दोन दिवसांनी स्पिरिटने पुसायची, मग गोंद, मग पट्टी. भावंडाने पट्टी चावून काढली की पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं मागच्या खोलीत चाले. एवढ्या दाट केसांच्या कुत्र्यांना आमचा उन्हाळा कसा सोसणार? म्हणून खिडक्या बंद, त्यांवर वाळ्याचे पडदे, आणि कूलर दिवसभर चालू. दार उघडं राहिलं की पिल्लं थेट रस्त्यावर, म्हणून कडी कायम आतून. आक्का त्या हिरवट अंधारात बसून असत. जेवणाचं ताटही त्या दार किलकिलं करून माझ्या हातून आत घेत. टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागत त्या वर्षांत कूलरला पाणी कुठून आणायचं, यावरून घरात वाद होत. आजोबा म्हणत, "माणसाला प्यायला न्हाई अन् तू कुत्र्याला वारा घालून राहिलीस." स्वतःच्या अंघोळीची बादली आक्का कूलरमध्ये ओतत आणि ओल्या पंच्याने अंग पुसून घेत.

"कान बसले की जाईन." शशिकलाबाईंना त्या फोनवर हेच सांगत. एका वेताचे कान बसले, पिल्लं लोकांनी नेली, की आजोबा म्हणत, "अमक्या डॉक्टरांनी पिल्लू सांगून ठेवलंय, एवढं एक वेत होऊ दे." तुमच्या बाबांचाही फोन येई, "आत्या, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही." आक्का खूश होत आणि भरलेल्या पिशवीतलं एखादं लुगडं वापरायला बाहेर काढत. हदगावला सख्ख्या भाचीचं लग्न होतं. पिल्लांना दात येत होते, त्या गेल्या नाहीत. लग्नाचा व्हिडिओ मी त्यांना फोनवर दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "मांडव मोठा होता, न्हाई का गं मालती?"

मग भुरी झाली. जोडीतली कुत्री म्हणजे चेरी; तिच्या शेवटच्या वेतातलं हे मादी पिल्लू. तिचे कान काही केल्या दुमडेनात. आक्कांनी पट्टी बदलली, गोंद बदलला, ओल्या चादरी टांगून खोलीत दमट हवा केली. पट्टी काढली की कान ताठ. आतली कातडी लाल झाली. त्याच सुमारास शशिकलाबाईंचा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. "हे बघ, माझे गुडघे गेलेत. घरात माणूस पाहिजे. पाडव्यापर्यंत वाट बघते, मग खोली नर्सिंगच्या पोरीला देते. राग धरू नको." आक्का म्हणाल्या, "एवढी एकच राहिलीय. हिचे कान बसले की येते."

भुरीला बघायला डॉक्टर पती-पत्नी आले. बाईंनी पिल्लू हातात घेतलं, नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, ही तर कोल्ही दिसून राहिली." चहा पिऊन, पिल्लू न घेताच गेले.

संध्याकाळी आजोबा खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "आक्का, पुन्हा चिकटव. बसतील."

"हिचे दात येऊन गेले, बाळू. आता न्हाई बसत."

"बघ तर करून. अन् पुढच्या वेताला..."

"पुढचं वेत?" आक्कांनी हातावरची एक पट्टी ओढून काढली, मग दुसरी. "मी लई येडी रे. हिचे कान बसले की जाईन म्हणून बसून राहिले, अन् हिचे तर बसायचेच न्हाईत. मग मी हितंच मरू का?"

आजोबा गांगरले. "तुला कुणी कोंडून ठेवलंय का इथं?"

"न्हाई ना. म्हणून तर दार सापडंना."

कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता. मग आक्का म्हणाल्या, "चेरीचं ऑपरेशन करून आण. तिलाबी आता पुरे. भुरीला मी नेते."

पाडव्याच्या आधी दोन दिवस आक्का, भुरी आणि नाकाला पदर लावलेली मी, अशा आम्ही सकाळी लवकर गाडीने निघालो. आजोबा निरोप द्यायला खाली येईनात. मी हाका मारून दमले. शेवटी आले ते मागच्या खोलीतला कूलर छातीशी धरून. "नांदेड लई गरम," एवढंच म्हणाले आणि डिकीत ठेवून दिला. "पाणी भरायला तू येणार का?" आक्कांनी विचारलं. "तिकडं नळाला येतं म्हणे," असं पुटपुटून ते घरात गेले. आक्का वाटेतल्या लोहा गावापर्यंत खिडकीच्या काचेला कपाळ लावून बाहेर बघत होत्या. भुरी ओल्या टॉवेलवर झोपली होती.

वरच्या खोलीत शिरल्या शिरल्या आक्कांचा हात कडीवर गेला. खालून शशिकलाबाई ओरडल्या, "कडी कामून लावतीस गं? फाटक लावलंय खाली!" भुरी तोवर जिना उतरून अंगणात पोचलीसुद्धा होती. आक्का जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ तिला खालीवर पळताना बघत राहिल्या. नंतर शशिकलाबाई फोनवर सांगत, की पहिले काही आठवडे बाजारात जायचं म्हटलं तरी आक्का आधी विचारत, "जाऊ का?" "अगं, मला काय विचारतीस!" म्हणून त्या आक्कांवर खेकसत. मग हळूहळू ते विचारणं थांबलं. दोघी मिळून हदगावला त्या भाचीकडेही राहून आल्या.

आक्का मागच्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या. चेरी त्याआधीच गेली होती.

भुरी आहे. शशिकलाबाईंना आता जिना चढवत नाही, आणि वरची खोली त्यांनी कुणाला दिलेली नाही. भुरी तिथे झोपते आणि सकाळी दुधासाठी खाली येते.