पाणी वळतानाचे एक मिनिट

कोलशेतच्या गावदेवीकडे त्या सकाळी मी मागायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. श्रद्धा पातळ झाली होती. वृत्तपत्राच्या डेस्कवर बावीस वर्षे काढलेल्या माणसाचा एकाच गोष्टीवर विश्वास उरतो: पान ठरल्या वेळी छपाईला सुटते. नोकरी सोडून मी मोजक्या माणसांत पहिला चित्रपट हाती घेतला आणि पुढे त्यालाही तशीच मुदत घातली. चैत्रातल्या राखणीला, म्हणजे गाव देवीला वर्षाचा मान देते त्या दिवशी, चित्रपट पुरा. ही तारीख कोणी मागितली नव्हती. मीच ठरवली.

कारण जनाबाई. वय सत्तरीपलीकडे, आयुष्य खाडीत मासे पकडण्यात गेलेले. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून भरतीचे पाणी ओहोटीला कधी वळते ते ती सांगायची. चित्रपट तिच्या या कानांवर होता. चित्रीकरण संपत आले आणि तेच कान जाऊ लागले. डॉक्टर म्हणाले, काय ऐकवायचे ते लवकर ऐकवा.

एकच गोष्ट राहिली होती: पाणी वळतानाचा आवाज. एक मिनिट पुरे होते. पण खाडीलगत नव्या टॉवरचा पाया घातला जात होता. खांब ठोकणारे यंत्र दिवसभर चालायचे आणि रात्री खड्ड्यातले पाणी उपसणारे पंप. प्रकल्पाच्या कार्यालयाला मी चार पत्रे दिली. तासभर काम थांबवा, एवढीच विनंती. पहिले पत्र हरवले. दुसरे भलत्याच विभागाकडे गेले. तिसऱ्या वेळी समोरच्या गृहस्थाने हसून विचारले, "मॅडम, पाण्याला आवाज असतो?" चौथ्याची पोचही मिळाली नाही. बाल्कनीतून खाडी दिसेल असे सांगून घरे विकायची आणि त्या खाडीचे एक मिनिट मागितले तर हसायचे. याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवणार नाही.

मुदत जवळ आली तशी डोंबिवलीच्या माझ्या घरी संकलक सुहासने दुसऱ्याच कुठल्या तरी खाडीचा तयार आवाज काढला. "ताई, प्रेक्षकाला काय कळतंय," तो म्हणाला. मला कळत होते. तरी मी तो लावू दिला, कारण तारीख पाळायची होती. तो तुकडा जनाबाईला ऐकवला. तिने हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला आणि विचारले, "ही कुनाची खाडी?"

आवाज काढून टाकला. राखणीच्या सकाळी चित्रपटात त्या जागी एक मिनिटाची पोकळी होती, यंत्र धाडधाड चालू होते आणि मी देवळात उभी होते. देवीला मी जे बोलले त्याचे सार एवढेच: तुझ्या दाराशी हे चालते, जनाबाईचे कान तू नेतेस, मग तारीख मी एकटीनेच कशाला पाळायची?

बाहेर ओट्यावर जनाबाई बसली होती. तिच्या कानाशी जवळजवळ ओरडून मी सगळे सांगितले, पत्रांचेही. आधी का नाही सांगितले, म्हणून ती चिडली. "मना कनाला नाय सांगलास गो? आज राखन हाय. आज भुईला लोखंड लावत नाय." गावाचा जुना नियम: राखणीला कुदळ, पहार, काहीही जमिनीत घालायचे नाही. दिवस मी गावाचा घेतला होता, त्या दिवसाचा नियम कोणाला विचारला नव्हता.

देवीपुढचा नारळ उचलून ती थेट प्रकल्पाच्या फाटकातून आत गेली. मी मागोमाग. यंत्रावर पन्नाशीचा एक परप्रांतीय माणूस होता. तिला हिंदी येत नाही. तिने नारळ त्याच्यापुढे धरला, देवळाकडे हात केला, मग जमिनीकडे. तो खाली उतरला, पायातले बूट काढले, नारळ कपाळाला लावला. "हमारे गाँव में भी माई का दिन होता है," तो मला म्हणाला. "साहब को बोल दूँगा, मशीन गरम हो गई थी."

त्याने यंत्र बंद केले. "भुय थांबली," जनाबाई म्हणाली. तिच्या पायांना ते कळले होते. आम्ही खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीपाशी पोचलो तेव्हा भरती नुकती संपत होती. भरतीची वेळ त्या माणसाने पाहिली नव्हती, मीही नाही. एवढी नोंद करते, अर्थ लावत नाही. ती शांतता मला इतकी अनोळखी होती की पिशवीतला रेकॉर्डर हातात धरून मी नुसती उभी राहिले. जनाबाईने कोपर मारले. "दाब ना गो."

तारीख अर्थातच हुकली. चित्रपट नऊ दिवस उशिरा पुरा झाला. जनाबाईचा डावा कान तोवर पुरता गेला होता. उजव्यावर तिने दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला आणि त्या मिनिटाच्या मध्यावर डोळे मिटून बोट वर केले. "वलला," ती म्हणाली. पाणी तिथेच वळले होते.

राखणीच्या दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू झाले होते. आज तिथे टॉवर उभा आहे. माझा राग देवीने मागितला नाही, म्हणून तो माझ्याकडेच आहे. तिने घेतली ती फक्त माझी तारीख. ती पाळली असती, तर जनाबाईच्या चित्रपटात परकी खाडी राहिली असती. आता राखणीला मी दोन नारळ ठेवते. एक देवीचा. दुसरा त्या माणसाचा, ज्याचे नाव विचारायचे मी त्या दिवशी विसरले.