कोर्ट उठेपर्यंत

लालासाहेब पलटणीत भरती झाले तेव्हा पहिली अडचण झाली ती सुभेदाराची. नव्या रंगरुटाला रोज सकाळी हजेरीला 'लालासाहेब' अशी हाक मारणं त्याला जड जाई. त्याने नुसतं 'लाला' म्हणून पाहिलं, तर हा पोरगा ओ देईना. आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, पुरतं घ्या, असं त्याचं म्हणणं. त्यापायी पाठीवर जड सामानाचा पिट्टू बांधून मैदानाला चकरा मारायची शिक्षा झाली. लालासाहेबांनी ती मनापासून भोगली. संध्याकाळी त्याच सुभेदाराने त्यांना लंगरात शेजारी बसवून जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुरत्या नावाने हाक मारली. शिक्षा म्हणजे काय, हे लालासाहेबांना तेव्हा कायमचं समजलं. घाम निघेस्तोवर भोगायची, मग दोघांनी एका पंगतीला बसायचं आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही.

पुढे ते स्वतः हवालदार झाले. त्यांच्या हाताखालच्या जवानांनीही भरपूर चकरा मारल्या आणि एकाचाही त्यांच्यावर राग राहिला नाही. निदान ते तरी असंच सांगत.

शिराळ्याच्या अलीकडे, वारणेकाठी त्यांची जमीन होती. ती धाकटा भाऊ मानसिंग बघायचा. मानसिंगलाही पलटणीत जायचं होतं, पण भरतीत छाती कमी भरली. तो लहान असताना रजेवर आलेले लालासाहेब त्याला खळ्यात उभा करून 'सावधान', 'विश्राम' शिकवायचे. एकदा त्याला सावधानमध्ये ठेवून ते चावडीवर गप्पा छाटायला गेले आणि साफ विसरले. पोरगं दिवेलागणीपर्यंत खळ्यात तसंच उभं. आई ओढायला गेली तर म्हणालं, "दादानं विश्राम म्हटलं न्हाई." ही गोष्ट घरात आल्यागेल्याला हसत सांगितली जायची. मानसिंग कधी त्या हसण्यात नसायचा, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पेन्शन घेऊन लालासाहेब घरी आले आणि त्यांनी घराची छावणी करायला घेतली. बायको साळूबाई इतकी वर्षं त्यांच्यावाचून संसार रेटत आलेली, तिने त्यांचे हुकूम ऐकून घेतले आणि जे करायचं तेच केलं. उरला मानसिंग. सामाईक विहिरीवर इंजिन होतं. लालासाहेबांनी दोघांच्या उसाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्या आणि घड्याळ लावून पाळायला सुरुवात केली. मानसिंगने आयुष्यात घड्याळ बघून पाणी दिलं नव्हतं. माती भिजली की पाणी पुढं काढायचं, एवढंच त्याला ठाऊक.

एका सकाळी त्याची पाळी संपली तरी तो शेवटच्या सरीत पाणी सोडत होता. लालासाहेबांनी बांधावरून पाणी तोडायचा हुकूम दिला. मानसिंगने मान वर न करता सांगितलं, "आवं हवालदार, ही पलटन न्हाई."

जन्मभर दादा म्हणणाऱ्या भावाने हवालदार म्हटलं, ते लालासाहेबांना झोंबलं. हातात खोरं होतं. त्याचा दांडा मानसिंगच्या डोक्यात बसला आणि टाके पडले.

मारल्याक्षणीच लालासाहेबांना पश्चात्ताप झाला. तो बोलून कसा दाखवायचा, हे मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मानसिंग डोक्याला पट्टी बांधून आपल्या पायांनी ठाण्यात गेला आणि फिर्याद देऊन आला. तेव्हापासून तो भावाशी एक शब्द बोलला नाही. अंगण एक, विहीर एक, आणि मधे हा अबोला. लालासाहेबांना जेवण जाईना. आपल्याला शिक्षा झाली की हा पुन्हा बोलेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे कोर्टाच्या तारखेची ते घरच्या लग्नासारखी वाट बघत होते.

तालुक्याच्या कोर्टातले मॅजिस्ट्रेट तरुण होते. वकिलाने लालासाहेबांना सगळं नाकबूल करायला पढवलं होतं. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मारलं. खोऱ्याच्या दांड्यानं. म्याच." वकील खाली बसला.

फौजदारीचा नवा कायदा नुकताच आला होता आणि त्यात शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. त्यामुळे मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "शिक्षेबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"लय द्या, साहेब."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. अशी मागणी त्यांच्यापुढे आजवर कोणी केली नव्हती. त्यांनी समजावून सांगितलं की शिक्षा सूड उगवायला नसते. बघणाऱ्याला जरब बसावी, गुन्हेगार सुधारावा आणि ज्याला लागलं त्याला न्याय मिळाल्यासारखं वाटावं, यासाठी ती असते. "तुमचा पहिलाच गुन्हा आहे. वर्षभर चांगलं वागेन असा बॉण्ड लिहून द्या आणि घरी जा."

"आन् वर्सानंतर काय, साहेब? पुन्यांदा मारायला मोकळा?"

कोर्टात हशा पिकला. मानसिंग तेवढा हसला नाही.

मग दंडाचा विचार झाला. त्यातून फिर्यादीला भरपाई देता येईल, असं मॅजिस्ट्रेट म्हणाले. बाकावर बसलेल्या मानसिंगने नकारार्थी मान हलवली. राहिली कैद. साधी की सक्तमजुरीची, एवढाच प्रश्न. "सक्तमजुरी द्या, कामाची सवय हाय," लालासाहेबांनी सुचवलं. त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघून, या माणसाला खिसेकापूंच्या संगतीत ठेवून काय सुधारायचं, असा मॅजिस्ट्रेटना प्रश्न पडला. अखेर त्यांनी निकाल दिला, "कोर्ट उठेपर्यंत कैद. तिथं कोपऱ्यात बसून राहा."

"येवडीच?" लालासाहेबांचा चेहरा पडला. पण हुकूम तो हुकूम. ते कोपऱ्यात गेले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"बसा, बसायला हरकत नाही."

"शिक्षेत बसत न्हाईत, साहेब."

पुढची प्रकरणं सुरू झाली. दुपारी मॅजिस्ट्रेट जेवायला उठले तेव्हा कोर्टाचा शिपाई ज्योतिबा जवळ आला. "हवालदार, च्या पिऊन या जावा. कोर्ट उठलं."

"उठलं न्हाई. जेवाय गेलंय."

आज जरा लवकर उठून म्हाताऱ्याला सोडावं, असं मॅजिस्ट्रेटच्या मनात होतं. पण एकजण समोर पुरती शिक्षा भोगत असताना त्यांना स्वतःला लवकर घरी जायची लाज वाटली. ते बसून राहिले, म्हणून वकीलही बसून राहिले आणि मनातल्या मनात लालासाहेबांना शिव्या घालत राहिले.

मानसिंगचं काम सकाळीच संपलं होतं. गावाकडची दुपारची बस आली आणि गेली. त्याने घरून फडक्यात भाकरी आणली होती, ते फडकंही सोडलं नाही. तो त्याच बाकावर बसून होता. मान न वळवता लालासाहेबांना त्याची टोपी आणि टोपीखाली जखमेचा व्रण दिसत होता. दिवसभर त्यांनी दुसरं काही पाहिलं नाही.

दिवस कलल्यावर कोर्ट खरोखरच उठलं. मॅजिस्ट्रेट गेले, वकील गेले. ज्योतिबा म्हणाला, "सुटलासा, हवालदार. चला."

लालासाहेब हलले नाहीत. त्यांना भीती वाटत होती. इथून पाऊल उचललं की शिक्षा संपणार, आणि मानसिंग तर अजून गप्पच होता. सरकारकडे आता द्यायला दुसरं काही शिल्लक नव्हतं.

ज्योतिबाने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, किल्ल्या वाजवून पाहिल्या.

मानसिंग उठला. भावापुढे येऊन उभा राहिला.

"खळ्यात दिवं लागंस्तवर हुबं केलं हुतंस मला," तो म्हणाला.

"व्हय. इसरलो हुतो रं."

"म्या न्हाई इसरलो."

लालासाहेबांच्या टाचा अजून जुळलेल्याच होत्या. दारातून ज्योतिबा म्हणाला, "आवं, कुलूप लावायचं हाय मला."

"विश्राम," मानसिंग म्हणाला.

लालासाहेबांनी पाय बाजूला घेतला तसा त्यांचा तोल गेला. मानसिंगने त्यांना दंडाला धरून सावरलं. तेव्हा ते रडले, आणि ज्योतिबासमोर रडले याचंही त्यांना काही वाटलं नाही.

शेवटची बस गेली होती. दोघं कोर्टाच्या पायरीवर बसले. मानसिंगने फडकं सोडून भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. तो विषय पुन्हा निघाला नाही.